शेजाऱ्यांची पंगत

दिवाळीच्या फराळाची ताटे घरोघर फिरू लागली, की गल्लीतले राजकारण उघडे पडते, असे माझे जुने निरीक्षण आहे. कोणाकडे ताट आधी गेले, कोणाकडे उशिरा गेले, आणि कोणाकडे गेलेच नाही, यावरून वर्षभराच्या भांडणांचा हिशेब अचूक मांडता येतो. चकली खुसखुशीत झाली की नाही हा प्रश्न मागाहूनचा. राष्ट्रांचेही असेच असते. शेजारची राष्ट्रे मिळून क्रीडासामने भरवितात, तेव्हा कोण किती वेगाने धावला याच्या नोंदी सोन्याच्या अक्षरांनी लिहिल्या जातात. पण त्या सामन्यांचा खरा इतिहास दारावरच्या यादीत लपलेला असतो. कोणाला बोलाविले, कोणाला वगळले, आणि कोण रुसून आला नाही! आशियातील अशा सामन्यांचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा वृत्तांत मी अलीकडे सलग वाचून काढला आणि माझी खात्री पटली, की हे सामने मैदानावर फारसे कधी मोडले नाहीत. ते मोडले ते दरवाजात.

या कथेचा आरंभ फिलिपाईन्समध्ये होतो. ती बेटे त्या वेळी अमेरिकेच्या ताब्यात होती आणि मनिला शहरात वाय. एम. सी. ए. या संस्थेचा एलवुड ब्राउन नावाचा अमेरिकन व्यायामशिक्षक काम करीत होता. माणूस मोठा उद्योगी. व्हॉलिबॉल, बास्केटबॉल असले नवे खेळ त्याने तेथल्या लोकांना लावले. अधिकाधिक माणसांना खेळता यावे म्हणून त्याने व्हॉलिबॉलमध्ये एकेका बाजूला सोळा-सोळा गडी उभे केले, आणि आशियात तो खेळ बराच काळ त्याच्याच नियमांनी चालला. सोळा माणसांनी मिळून एक चेंडू पलीकडे ढकलायचा, हे आपल्या सार्वजनिक उत्सवाच्या कमिटीसारखेच झाले! असो. याच ब्राउनच्या खटपटीने १९१३ साली मनिला येथे पूर्व आशियातील देशांचे पहिले सामने भरले. पुढे ते ‘अतिपूर्वेकडील अजिंक्यपद सामने’ या नावाने ओळखले गेले. फिलिपाईन्स, चीन आणि जपान हे त्यांचे तीन खांब. पाळीपाळीने मनिला, शांघाय आणि जपानमधील एखादे शहर असे यजमानपद फिरत असे. १९३० साली टोकियोत हे सामने झाले तेव्हा हिंदुस्थानचेही एक लहानसे पथक तेथे गेले होते.

वीस वर्षे हा संसार बरा चालला. मग १९३१ साली जपानने मांचुरियात सैन्य घुसविले आणि पुढच्या वर्षी तेथे ‘मांचुकुओ’ नावाचे एक राज्य उभे केले. नावाला सम्राट चिनी, सूत्रे जपानी सेनापतींच्या हाती. आता या राज्याची क्रीडापटूंची तुकडी १९३४ च्या मनिला सामन्यांत घ्यावी असा जपानने आग्रह धरला. चीनने ते कसे मानावे? ज्या शेजाऱ्याने आपल्या घराची एक खोली बळकावली, तोच पंगतीला येताना त्या खोलीसाठी वेगळे पान मागतो, असा हा प्रकार होता. सामने कसेबसे पार पडले. पण ते संपताच सभेत भांडण पेटले, चिनी प्रतिनिधी उठून गेले, आणि जपान व फिलिपाईन्स यांनी जुनी संस्था मोडून मांचुकुओला जागा देणारी नवी संस्था काढली. पुढचे सामने १९३८ साली ओसाकाला व्हायचे होते. १९३७ साली चीन-जपान युद्ध सुरू झाले, आणि मग कसचे सामने नि कसचे काय!

ज्या १९३४ साली मनिलात ही पंगत उठली, त्याच वर्षी आपल्या दिल्लीत दुसरी मांडली गेली होती, आणि येथे या कथेचा नायक प्रवेश करतो. गुरुदत्त सोंधी हे त्यांचे नाव. लाहोरच्या प्रसिद्ध गव्हर्न्मेंट कॉलेजातील प्राध्यापक, पुढे तेथलेच प्राचार्य. १९३२ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद. खेळावर निस्सीम प्रेम आणि नियमांवर त्याहून अधिक. अशी माणसे आपण शाळा-कॉलेजांत पाहिलेली असतात. आपली चूक नसताना आपण त्यांना भितो, आणि आपली बाजू खरी असली तर त्यांच्याच दाराशी जातो.

सोंधींच्या पुढाकाराने १९३४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्ली आणि पतियाळा येथे ‘पश्चिम आशियाई सामने’ झाले. हिंदुस्थान, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाईन असे चार देश. दिल्लीचे मैदान म्हणजे नुकतेच बांधलेले आयर्विन अँफिथिएटर. नावावरूनच कळते, की यजमान आपण असलो तरी घराचा मालक दुसराच होता! पुढचे सामने १९३८ साली पॅलेस्टाईनमध्ये भरवायचे बेत होते. तेही हवेत विरले. तेव्हाचे पॅलेस्टाईन म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख. पुढे १९४८ साली त्याच भूमीवर इस्रायल जन्माला आले. हा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे जाकार्त्यात आपल्याला अडखळविणार आहे.

युद्ध संपले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आणि सोंधींचे लाहोर एका रात्रीत परदेश झाले. या घटनेचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल ते मी सांगू शकत नाही. परंतु शेजाऱ्यांना एका मैदानावर आणण्याचा त्यांचा ध्यास काही फाळणीने सुटला नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी आशियातील निरनिराळ्या देशांची पथके जमली होती. सोंधींनी ८ ऑगस्ट रोजी तेथल्या एका हॉटेलात त्यांच्या प्रमुखांना चहापाण्याच्या निमित्ताने गाठावे, तसे गाठले आणि आपली कल्पना मांडली. त्यातूनच १९४९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आशियाई क्रीडासंघाची स्थापना झाली. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, भारत, पाकिस्तान आणि फिलिपाईन्स हे त्याचे संस्थापक सभासद. पाकिस्तान हे नाव या यादीत पाहून आज आपण क्षणभर थबकतो. पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह अध्यक्ष झाले आणि सोंधी चिटणीस. ‘सतत पुढे’ हे ब्रीद सोंधींनीच दिले.

पुढे जाणे मात्र सोपे नव्हते. १९५० साली व्हायचे सामने तयारीअभावी वर्षभर लांबले. मैदान अपुरे, पैसा अपुरा, साहित्य यायचे, आणि कार्यकर्त्यांत धुसफूस. सोंधी संयोजनातून बाजूला झाले, आणि ती धुरा अँथनी डिमेलो यांच्या खांद्यावर आली. डिमेलो म्हणजे आपल्या क्रिकेट मंडळाचे पहिले चिटणीस. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमशीही त्यांचे नाव जोडलेले. सोंधी तत्त्वाचे, तर डिमेलो तडीस नेण्याचे. दोघांची कुंडली जुळणे कठीणच होते, पण दोघांवाचून हे कार्य झाले नसते.

४ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सामन्यांचे उद्घाटन केले. अकरा देश आणि चारशे एकोणनव्वद खेळाडू. लाल किल्ल्यात सूर्यकिरणांपासून ज्योत चेतविली होती, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भाग घेतलेल्या दलीपसिंगांनी ती मैदानात आणली. जुने आयर्विन अँफिथिएटर आता नॅशनल स्टेडियम झाले होते. खेळ खेळाच्या वृत्तीने खेळा, असा नेहरूंचा संदेश होता.

आता यादी पाहू. मला या यादीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जपानचे नाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलाविलेही नव्हते. १९५१ च्या मार्चमध्ये तो देश अद्याप परकीय सैन्याच्या ताब्यात होता. शांततेचा करार व्हायला अजून सहा महिने होते. दिल्लीत आलेल्या पथकांत ब्रह्मदेश, फिलिपाईन्स, सिंगापूर, इंडोनेशिया यांची पथके होती. ज्यांच्या गावांवरून जपानी फौजा दहा वर्षांपूर्वीच वरवंटा फिरवून गेल्या होत्या, ती माणसे आता त्याच देशाच्या मुलांबरोबर एका रेषेवर धावायला उभी राहिली! जपानने चोवीस सुवर्णपदके मिळविली, एकूण साठ पदके. आपण पंधरा सुवर्णांसह एक्कावन्न. आपण दुसरे आलो याची हळहळ मला वाटत नाही. युद्धानंतर जपानी खेळाडूंना इतक्या देशांच्या मेळाव्यात प्रथम पाऊल टाकता आले ते दिल्लीत, याचा मला पदकांहून अधिक अभिमान वाटतो.

यादीतली रिकामी पाने मात्र झाकून चालणार नाही. संस्थापक असूनही पाकिस्तान आला नाही. काश्मीरचे भांडण आड आले. चीनही नव्हता.

मुंबईकरांनी त्या आठवड्यात चैन केली म्हणायची. लेव्ही पिंटो या मुंबईच्या धावपटूने शंभर मीटर आणि दोनशे मीटर ही दोन्ही अंतरे जिंकली. रोशन मिस्त्री या पारशी मुलीने शंभर मीटरमध्ये रौप्य आणि वांद्र्याच्या मेरी डिसोझाने दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. मुलींनी गुडघ्यावरच्या चड्डीत हजारो लोकांसमोर धावावे, ही गोष्ट त्या काळी आपल्या घराघरांत भुवया उंचावणारी होती, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. बंगालच्या सचिन नागने पोहण्याच्या शंभर मीटर शर्यतीत भारताचे पहिले सुवर्ण घेतले, आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मेवालालच्या एकाच गोलावर आपण इराणला हरविले.

यानंतरचे दोन सामने, १९५४ चे मनिला आणि १९५८ चे टोकियो, मी भराभर ओलांडतो. मनिलात पाकिस्तान आला, तैवान आला, इस्रायलही आला. टोकियोत मिल्खासिंगांनी दोनशे नि चारशे मीटर जिंकले. पंगत वाढत होती आणि कोणी कोणाच्या पानावरून उठत नव्हते. पुढची पंगत जाकार्त्याला.

१९६२ सालचे इंडोनेशिया म्हणजे अध्यक्ष सुकार्नो यांचे इंडोनेशिया. रशियाच्या मदतीने सेनायान येथे लाखभर माणसे मावतील असे प्रचंड स्टेडियम उभे राहिले होते. यजमानांची हौस दांडगी. पण चीनशी आणि अरब राष्ट्रांशी त्यांची मैत्रीही दांडगी. या मित्रांना तैवान आणि इस्रायल यांची नावे डोळ्यांसमोर नको होती. उघड नकार देणे क्रीडासंघाच्या नियमांत बसत नव्हते. मग काय केले, तर त्या दोन पथकांना देशात प्रवेश मिळण्यासाठी लागणारी कागदपत्रेच पाठविली नाहीत. लग्नाची पत्रिका द्यायची आणि गावात येणारी वाट बंद ठेवायची, असा हा मामला!

सोंधी तेव्हा सत्तरी ओलांडलेले, क्रीडासंघाचे उपाध्यक्ष. त्यांनी सरळ सांगितले, की सभासद देशांना वगळून भरलेल्या सामन्यांना ‘आशियाई सामने’ म्हणता येणार नाही, नाव बदला. एवढेच. सामने बंद करा असे ते म्हणाले नव्हते. परंतु यजमानांना हा सबंध राष्ट्राचा अपमान वाटला. ३ सप्टेंबर १९६२ रोजी हजारोंचा जमाव जाकार्त्यातील भारतीय वकिलातीवर चालून गेला आणि आत घुसून त्याने मोडतोड केली. सोंधींना त्याच दिवशी देश सोडावा लागला. ज्याने हा वृक्ष लावला, त्यालाच त्याच्या सावलीतून हुसकून लावण्यात आले.

त्या वेळी इंडोनेशियात आपले राजदूत कोण होते? आप्पासाहेब पंत! औंधच्या राजेसाहेबांचे चिरंजीव. ज्या राजेसाहेबांनी गावोगावच्या शाळांतील पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यांच्या मुलाच्या वकिलातीवर खेळाच्या वादावरून दगड पडावेत, याला काय म्हणावे? सोंधी काही भारत सरकारचे प्रतिनिधी नव्हते. ते क्रीडासंघाचे पदाधिकारी म्हणून बोलले होते. पण खवळलेल्या गर्दीला हा फरक कोण समजावून सांगणार!

सोंधींचे बरोबर होते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. तत्त्व त्यांच्या बाजूचे होते यात मला शंका नाही. १९३४ साली मनिलात जे झाले ते त्यांना ठाऊक होते. दरवाजावरची यादी यजमानाच्या लहरीने बदलू लागली, की पंगत फार दिवस टिकत नाही. परंतु त्याच क्षणी भारताची मुले त्या परक्या शहरात होती. ती कोणत्याही समितीची सभासद नव्हती. त्यांना दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचे होते. त्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते? मला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. तत्त्वाची किंमत बहुधा ते उच्चारणारा एकटा देत नसतो. आणि तरीही, कोणीच उच्चारले नसते तर?

त्या मुलांत आपल्याकडचे दोन गडी होते. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने आणि कोल्हापूरच्या तालमीत घडलेले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. लाल मातीत अंग मळलेले हे मल्ल जाकार्त्याला गादीवर लढले. माने यांनी मुक्त शैलीत आणि आंदळकरांनी ग्रीको-रोमन शैलीत सुवर्णपदक मिळविले. कमरेखाली धरायला मनाई असलेली ती ग्रीको-रोमन कुस्ती म्हणजे आपल्या पैलवानाला अर्धे हात बांधून लढण्यासारखी. पट काढायचा नाही! माझ्या लहानपणी आमच्या गावच्या तालमीत मारुतीच्या मूर्तीशेजारी या दोघांच्या तसबिरी होत्या, आणि उस्ताद नवशिक्यांना आधी त्यांच्या पाया पडायला लावीत. जाकार्त्यात काय गदारोळ झाला होता, हे मात्र तालमीत कोणी कधी सांगितले नाही. पदक तेवढे गावात पोचले; वादळ तिकडेच राहिले.

त्या वादळाचा सगळा भार पडला तो ४ सप्टेंबरला, फुटबॉलच्या अंतिम सामन्यावर. भारताविरुद्ध दक्षिण कोरिया. याच कोरियाने गटातल्या सामन्यात आपल्याला दोन गोलांनी हरविलेले. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांना कर्करोगाने ग्रासले होते आणि पुढच्या वर्षीच ते गेले. बचावातील भरवशाचा गडी जर्नैलसिंग, त्याच्या डोक्याला आधीच्या सामन्यात खोक पडून टाके घातलेले. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला घातले. गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. स्टेडियममध्ये लाखभर प्रेक्षक, आणि भारताचे राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी केलेली हुर्यो. घरच्या मैदानावर आपण जल्लोष ऐकतो. शत्रूच्या मैदानावर निदान शत्रू कोण ते कळते. येथे मुलांचे भांडण ना कोरियाशी होते ना इंडोनेशियाशी.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. थोड्याच वेळात टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नैलने दुसरा. कोरियाने शेवटी एक परत केला, पण भारत दोनास एक असा जिंकला. चुनी गोस्वामी कप्तान होता.

त्या लाखभर माणसांत भारताच्या बाजूने ओरडणारा एक लहानसा घोळका होता, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. तो होता पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा. याच पाकिस्तानने त्या सामन्यांत हॉकीच्या अंतिम फेरीत आपल्याला दोन गोलांनी हरविले होते. लाहोरच्या जुन्या प्राचार्यांना आदल्या दिवशीच देश सोडावा लागला नसता, तर त्यांनी ते दृश्य पाहिले असते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६३ साली इंडोनेशियाला निलंबित केले, तर सुकार्नोंनी त्याच वर्षी जाकार्त्यात ‘नवोदित शक्तींचे सामने’ भरवून आपली वेगळी चूल मांडली. १९६६ साली सोंधी वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँकॉकला आशियाई सामने झाले, आणि त्यांत तैवान व इस्रायल ही दोन्ही पथके होती. १९७४ साली तेहरानला चीन आला आणि तैवान बाहेर गेला. इस्रायलचेही ते शेवटचेच सामने ठरले. पुढे आशियाची नवी ऑलिंपिक परिषद निघाली तेव्हा त्याला त्यात घेतले नाही, आणि आज तो देश खेळाच्या नकाशात युरोपात मोडतो. भूगोलाच्या पुस्तकात नसलेला हा प्रवास आहे! आपल्या उपखंडाने १९८४ साली काठमांडूत आपली वेगळी लहान पंगत मांडली. २०१९ च्या काठमांडूनंतरचे तिचे सामने पाकिस्तानात व्हायचे ठरले, आणि तारीख पुन्हा पुन्हा पुढे जात राहिली.

२०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगझोऊला आशियाई सामने भरले. अरुणाचल प्रदेशातील वुशू खेळणाऱ्या तीन भारतीय मुलींची निवड झाली होती. चीनने त्यांना इतरांसारखा प्रवेश दिला नाही, म्हणून त्या घरीच राहिल्या. भारताने निषेध नोंदविला. क्रीडामंत्र्यांनी आपला दौरा रद्द केला. बाकीचे पथक तेथे खेळले आणि १०७ पदके घेऊन परतले. इतकी पदके त्यापूर्वी आपल्याला कधीच मिळाली नव्हती. सामन्यांचे नाव बदला, असे या वेळी कोणी म्हणाले नाही.